पर्वरीचा फ्लॅट, चवथीची घाई आणि प्लायवूड: आधी पावसाचं गणित मांडा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: गोव्यात पर्वरीच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटचा ताबा फेब्रुवारीत मिळतोय, चवथीपर्यंत (गणेश चतुर्थीपर्यंत) फर्निचर पूर्ण होईल का? डिझायनर एचडीएचएमआर (दाबून केलेला घट्ट, ओलरोधक फायबर बोर्ड) सुचवतो आणि मेस्त (सुतार) मरीन प्लायवर अडून बसलाय, ऐकायचं कुणाचं? माल बेळगावहून आणला तर परवडेल का? आणि डिचोलीच्या जुन्या घरातली कपाटंही त्याच माणसांकडून करून घ्यावीत का?

चवथ ऑगस्टच्या शेवटी येवो की सप्टेंबरात, तुमची खरी मुदत ३१ मे आहे. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की पुट्टी वाळत नाही, उघड्यावर ठेवलेला प्लाय ओल पितो आणि पॉलिश बिघडतं. लॅकर किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारताना हवेतली आर्द्रता ७५ ते ८० टक्क्यांवर असेल तर थर दुधी पडतो, कारण थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. रबरी गोंदाचंही तेच होतं. गोंद वाळल्यासारखा दिसतो, सनमायका बसवला जातो आणि पुढच्या मे महिन्यात कडेला फुगा येतो. म्हणून तोडफोड, वायरिंग आणि टाइल मार्चमध्ये संपवा, कपाटांचे सांगाडे एप्रिलमध्ये उभे करा, पल्ले (दारं) आणि पॉलिश मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उरका. पावसाळ्यात फक्त दिवे, पडदे, हँडल अशी कोरडी कामं ठेवा. सुतारांच्या अनेक टोळ्या राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या आहेत. होळीला गावी गेलेले कारागीर बऱ्याचदा लग्नसराई आटोपूनच परततात. किती माणसं मागे राहणार हे काम देण्याआधी विचारून घ्या.

प्लायच्या वादात दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. सांगाड्याला प्लाय, पल्ल्याला एचडीएचएमआर. सांगाड्यात स्क्रू कडेतून जातो. तिथे प्लाय पकड देतो, तर एचडीएचएमआरची कड आधी बारीक भोक न पाडता स्क्रू घातला की फाटते. उलट उंच पल्ल्यासाठी प्लाय त्रासदायक, कारण पावसाळ्यात तो पीळ मारतो. एचडीएचएमआर सरळ राहतो, पण वजनाला जड असतो. घनता ८५० धरली तर १८ मिमीची ८ बाय ४ ची शीट सुमारे ४५ किलो भरते. म्हणजे ७ फूट बाय दीड फुटाचा एक पल्ला १५ किलोच्या घरात जातो, म्हणून एका पल्ल्याला ५ बिजागऱ्या लावा. ३ लावल्या तर वर्षभरात पल्ला खाली बसून शेजारच्या पल्ल्याला घासायला लागतो. सिंकखाली आणि बाथरूमच्या बेसिनखाली मात्र दोन्ही नकोत. तिथे डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेला बोर्ड) घ्या. वॉशरमधून महिनोन्महिने होणारी थेंब-थेंब गळती कोणताच लाकडी माल कायम सोसत नाही.

‘मरीन’ हा शब्द दुकानात सर्रास वापरला जातो. खरा मरीन प्लाय आयएस ७१० या भारतीय मानकाचा, त्याच्या चाचणीत तुकडा ७२ तास उकळतात. आयएस ३०३ मध्ये एमआर (फक्त दमटपणा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) असे दोन प्रकार येतात आणि एमआर गोव्यात कपाटाच्या आतही वापरू नये. शीटवर आयएसआयची खूण आणि सीएम/एल (परवाना) क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ अॅपवर टाकला की परवाना कुणाचा आणि कशासाठीचा ते दिसतं. वरच्या लाल रंगावर विश्वास ठेवू नका, रंग फासता येतो. कडेकडून बघा: पाणी सोसणाऱ्या फिनॉलच्या गोंदाची रेघ गडद तपकिरी दिसते, एमआरमधल्या युरियाच्या गोंदाची फिकट. थरांमध्ये पोकळी आहे का ते पाहा. शंका असेल तर ४ इंचांचा तुकडा कापून घरी पाच-सहा तास उकळा. एमआर असेल तर थर सुटायला लागतात. न सुटल्याने तो ७१० ठरत नाही, पण फसवणूक असेल तर निदान उघडी पडते.

आता शीटचा हिशेब, कारण कोटेशनमध्ये सगळ्यात जास्त पाणी इथेच मिसळतं. ७ फूट उंच, ६ फूट रुंद, चार पल्ल्यांचं, दोन कप्प्यांचं कपाट घ्या. खोली २४ इंच न ठेवता साडेतेवीस ठेवा, म्हणजे ४ फुटी शीटमधून करवतीची माया जाऊनही दोन पट्ट्या सरळ निघतात. तीन उभ्या फळ्यांना दीड शीट. उरलेल्या अर्ध्या शीटमधून ३ फुटी दोन फळ्या. तळ आणि माथा मिळून एक शीट. आणखी एका शीटमधून चार फळ्या. म्हणजे १८ मिमी प्लायच्या ४ शीट, आणि कापून उरलेल्या तुकड्यांत ड्रॉवरच्या बाजू बसतात. पल्ल्यांना एचडीएचएमआरच्या २ शीट, पाठीला ६ मिमीच्या २. अशा कपाटाला कुणी १८ मिमीच्या ७-८ शीट लावल्या असतील तर कटिंगचा नकाशा मागा. नकाशा देता येत नसेल तर ते कोटेशन अंदाजाने लिहिलेलं आहे.

सनमायक्याच्या हिशेबातही एक गोष्ट तपासा. फळीच्या एका बाजूला सनमायका आणि दुसरी बाजू उघडी असेल तर उघडी बाजू ओल घेते आणि फळी वाकते. म्हणून सांगाड्याच्या भिंतीकडच्या, न दिसणाऱ्या बाजूलाही ०.८ मिमीचा थर हवा. १८ मिमीच्या ४ शीटसाठी ८ आणि पाठीच्या २ शीटसाठी ४ अशा ०.८ मिमीच्या १२ शीट, पल्ल्यांना दोन्ही बाजूंनी १ मिमी. हा खर्च वाचवला की जुलैत कपाटाच्या पाठीवर हिरवट बुरशी येते आणि कपड्यांना कुबट वास मारतो. कपाट भिंतीला चिकटवू नका, अर्धा ते एक इंच जागा सोडा. खाली ४ इंची पीव्हीसी पाय लावा आणि समोरून स्कर्टिंगची पट्टी अडकवा, म्हणजे फरशी पुसताना पाणी लाकडापर्यंत पोचत नाही.

हार्डवेअरमध्ये काटकसर नको. पर्वरीला समुद्राची खारी हवा किनाऱ्याइतकी बोचत नाही, तरी साध्या निकेल प्लेटच्या बिजागऱ्या तिथेही गंजतात. एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ ग्रेडच्या बिजागऱ्या आणि स्क्रू घ्या. पिवळे झिंक स्क्रू स्वस्त पडतात, पण दोन पावसाळ्यांत त्यांची डोकी गळून येतात. कळंगुट, कांदोळी अशा किनाऱ्यालगतच्या घरात रेलिंग आणि बाहेरच्या हँडलला ३१६ लागतं. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला अडवतं. ‘चुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४’ हे दुकानदाराचं वाक्य ऐकून घेऊ नका. २०२ लाही चुंबक फारसं चिकटत नाही. ग्रेड ओळखायला थेंब टाकून तपासायचं किट मिळतं. ते नसेल तर बिलावर ग्रेड लिहून घ्या.

बेळगावचं गणित असं. प्लाय आणि हार्डवेअरचा दर तिथे बरेचदा कमी मिळतो, पण जीएसटी दोन्हीकडे १८ टक्केच आहे, आणि घर मालकाला त्याची वजावट मिळत नाही. ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं. दरातल्या फरकातून टेम्पोचं भाडं, दोन्हीकडची हमाली आणि खराब शीट परत पाठवायचा खर्च वजा करा. पूर्ण गाडी भरत असेल तर परवडतं. दहा-बारा शीटसाठी म्हापसा, पर्वरी किंवा मडगावचं दुकान बरं, कारण वाकलेली शीट दुसऱ्या दिवशी बदलून मिळते. चोर्ला आणि अनमोड, दोन्ही घाट पावसात बेभरवशाचे. माल मेच्या आत घरात यायला हवा. ग्रॅनाइट मात्र कर्नाटकातून मागवणं बहुतेक वेळा फायद्याचं ठरतं. स्वतः जाऊन लाद्या निवडा आणि पाणी शिंपडून बघा, बारीक चीर ओली झाली की दिसते. टाइलच्या खोक्यांवर शेड आणि बॅच क्रमांक एकच असल्याची खात्री करा, सरळ मांडणीला ५ ते ७ टक्के, तिरक्या मांडणीला १० ते १२ टक्के जास्त घ्या. विनियर (प्लायवर चिकटवायचा लाकडाचा पातळ पापुद्रा) एकाच लॉटचं घ्या.

राजस्थानकडून तयार भरीव लाकडी टेबल मागवायचा विचार असेल तर एक ध्यानात ठेवा. कोरड्या हवेत ८ टक्के ओलाव्यावर जोडलेलं लाकूड इथे १५ टक्क्यांपर्यंत चढतं. सागाची १ फूट रुंद फळीही तेवढ्यात ३ ते ४ मिमी फुगते, आंबा त्याहून चंचल. वरचा पाट पायांना घट्ट स्क्रूने जखडला असेल तर तो फाटतो. लांबट खाचेत स्क्रू बसवलेला असला तर पाट सरकतो आणि वाचतो. टेबल उलटं करून एवढं बघितलं तरी पुरे.

फॉल्स सीलिंगचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण चवथ याच फ्लॅटमध्ये बसणार असेल तर आत्ताच ठरवा: गणपतीच्या वर टांगायची माटोळी कुठे लावणार? नारळाच्या पेंडी, केळ्यांचा घड, सुपाऱ्यांची शिपटी, रानफळं, आणि वर लाकडी चौकट. वजन ३०-४० किलोंवर सहज जातं. जिप्समचं सीलिंग ते पेलत नाही, त्याची जीआयची (जस्त चढवलेल्या पत्र्याची) चौकटही पेलत नाही. सीलिंग बंद होण्याआधी स्लॅबमध्ये ८ मिमीचे चार अँकर फास्टनर (काँक्रीटमध्ये घट्ट बसणारे बोल्ट) ठोकून घ्या, त्यांना आटे असलेली एसएसची सळई जोडा आणि तिचं टोक जिप्समच्या पातळीपर्यंत आणून कपलिंग नट बसवा. चवथीला त्यात आयबोल्ट (कडीचा बोल्ट) फिरवायचा, एरवी छोटी टोपी लावायची. स्लॅबमध्ये भोक पाडण्यापूर्वी वायरिंगच्या पाइपांचे फोटो बघा, म्हणून ते फोटो स्लॅबखाली काही झाकण्याआधीच काढून ठेवायचे. चौकटीचं माप आणि देव्हाऱ्याची जागा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्या. डिझायनर गोव्याबाहेरचा असेल तर त्याला हे माहीत असण्याची शक्यता कमी. बोर्ड ओलरोधक हिरवा, १२.५ मिमीचा घ्या.

डिचोलीचं घर हे वेगळं काम आहे, त्याला फ्लॅटचं कोटेशन चालणार नाही. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत जमिनीतून ओल ओढते आणि बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक पेंट चढवला की ओल आत कोंडते, वरच्या बाजूला सरकते आणि रंगाची पापुद्री निघते, लोणा दिसतो. सुटलेला सिमेंटचा गिलावा खरवडून चुन्याचा करा, त्यावर चुन्याचाच रंग. तो पूर्ण वाळायला वेळ द्या. या भिंतींना ठोकून बसवलेली कपाटं नकोतच, पायांवर उभी, भिंतीपासून २ ते ३ इंच दूर असलेली हवीत. आधी वाळवीचा बंदोबस्त. भिंत आणि फरशीच्या सांध्यात ३०० मिमी अंतराने १२ मिमीची भोकं, प्रत्येक भोकात लिटरभर औषध. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असेल तर लिटरमागे २.१ मिलि. ठेकेदाराने डबा तुमच्या समोर उघडावा. जुन्या खिडक्यांत शिंपल्यांची तावदानं असतील तर एकही फेकू नका. ते शिंपले देणारी प्रजाती वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, नवी तावदानं सरळ मार्गाने मिळत नाहीत. फुटलेल्या खिडक्यांमधली चांगली तावदानं काढून एक खिडकी पूर्ण करणं, हाच उपाय.

पैशांबद्दल: डिझायनरची फी वेगळी, मजुरी वेगळी, माल वेगळा असा करार करा आणि मालाची बिलं तुमच्या नावाने घ्या. दुकानाकडून मिळणारं कमिशन या धंद्यात जागोजागी आहे. ते फीमध्ये उघड धरलं तर कुणाचंच नुकसान नाही, लपवलं की नेमकी महागडी शीट सुचवली जाते. सांगाडे उभे राहिल्यावर ४० टक्के, पल्ले बसल्यावर ३०, पॉलिश झाल्यावर २० असे टप्पे ठेवा आणि शेवटचे १० टक्के ऑक्टोबरपर्यंत राखून ठेवा. एक पावसाळा गेल्यावर सगळे पल्ले आणि ड्रॉवर उघडून बघा, जे अडकतंय ते रंधून घ्या, मग ते चुकते करा. ही अट मान्य नसेल तर मेस्त दुसरा शोधा.