भय्यांना युनियनमध्ये घ्यायचं का?

या वेळी तीन पत्रं घेतोय. पहिल्याला जागा जास्त जाईल, कारण कुपवाडच काय, मिरज, सातारा, शिरवळ, कुठल्याही एमआयडीसीच्या गेटवरच्या चहाच्या टपरीवर सध्या हाच विषय निघतो.

प्रश्न: मी कुपवाडला फाउंड्रीत १४ वर्षं आहे. युनियन आहे पण नावाला, कायम कामगार ६० होतो ते आता २२ राहिलो. मोल्डिंग (साचे करणं), फेटलिंग (ओतीव माल घासून साफ करणं) सगळं ठेकेदाराकडं गेलं आणि तिथं बिहार, यूपीची पोरं भरलीत. १२-१२ तास करतात आणि देईल तेवढं घेतात. आम्ही वाढ मागितली की मालक म्हणतो, उद्या अजून २० भय्ये आणतो. मागच्या वेळी आम्ही गेटवर बसलो तर आत भट्टी चालूच. आमच्यात दोन गट पडलेत, एक म्हणतो त्यांना युनियनमध्ये घ्या, दुसरा म्हणतो हाकला. काय करावं? (एक कामगार, मिरज)

उत्तर: भाऊ, २२ जणांनी उन्हात गेटवर बसायचं आणि आतल्या भट्टीचा धूर बघायचा, याचा राग येणारच, तो खोटा नाही. पण हाकला म्हणणाऱ्यांना एवढंच विचारा की पोरं गेल्यावर ठेकेदार कुठं जाणार? तो तिथंच राहणार ना. बिहारची गेली तर ओडिशाची आणेल, ती नाही मिळाली तर जत-आटपाडीची आणेल, आणि दुष्काळात घरात दाणा नसला की आपला जतचा पोरगा पण १२ तास करतोच की. दिवसाची मजुरी किती द्यायची हे त्या पोरानं ठरवलेलं नाही, मालक आणि ठेकेदारानं केबिनमध्ये बसून ठरवलंय.

माझे वडील पाटण तालुक्यातले. डिलाईल रोडला गावकीच्या खोलीत राहायचे, एका खोलीत ३०-३५ माणसं, दिवसपाळीवाला उठला की त्याच जागेवर रातपाळीवाला आडवा व्हायचा, जेवण खानावळीत आणि महिन्याला घरी मनीऑर्डर. गिरणीत चिकटायचं तर जॉबरला, म्हणजे माणसं भरणाऱ्या मुकादमाला, दस्तुरी म्हणजे लाच द्यायची आणि तरी कायम नाहीच, बदली म्हणून रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, घेतलं तर घेतलं नाहीतर परत. मुंबईकर त्यांना घाटी म्हणायचे आणि ते काय प्रेमानं म्हणायचे नाहीत. आपण आज भय्या ज्या सुरात म्हणतो ना, अगदी तसंच. मी लहानपणी वडिलांच्या तोंडून ते ऐकलंय म्हणून हा शब्द मला आपल्या पोरांच्या तोंडी ऐकवत नाही.

आता बघा, मुंबईतली कामगार चळवळ उभी केली कोणी? ह्याच घाट्यांनी आणि कोकणातल्या चाकरमान्यांनी. १९२८ चा गिरणी संप सहा महिने चालला. पुढं १८ जानेवारी १९८२ ला कामगार पुढारी दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाख माणूस बाहेर पडला, त्यात सातारा-सांगलीची किती घरं होती हे आपल्या गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. तेवढा दम निघायचा कसा, तर खानावळवाली उधारीवर जेवू घालायची आणि बरीच माणसं संपात गावाकडं येऊन शेतात राबायची, घरचं पीठ, घरची भाकरी. परगावचा माणूस संपाला कच्चा असतो असं जे म्हणतात ते मला पटत नाही, त्याची एक मुळी गावात असते म्हणूनच तो तग धरतो. आणि युनियनचा माणूस गेटवर जेवढा काम करायचा त्याच्यापेक्षा जास्त त्या गावकीच्या खोलीत करायचा, कारण एका खोलीतला एक मुख्य माणूस पटला की अख्खी खोली यायची.

माथाडींचं, म्हणजे हमालांचं पण तेच. त्यांचे पुढारी अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातले, मुंबईत बोजा उचलणारी माणसं आपल्याच डोंगरातली, कुणाचा मालक ठरलेला नाही, आज ह्या गाळ्यावर उद्या त्या, मधे मुकादम. अशांची संघटना होऊच शकत नाही म्हणायचे लोक. झाली, आणि १९६९ ला माथाडी कायदा आला. त्यात मालकानं मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरची जादा रक्कम, माथाडी मंडळात भरायची आणि मंडळानं कामगाराला पगार, फंड, बोनस द्यायचा. म्हणजे मधला माणूसच काढून टाकला. तुमच्या ठेकेदारासमोर हे उदाहरण ठेवून बघा.

अजून एक गोष्ट सांगतो, ती जरा टोचेल. गिरण्यांत विणाईच्या खात्यात दलित कामगारांना घेत नव्हते, कारण धोट्यातला (मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी नळीतला) धागा तोंडानं ओढायला लागायचा आणि विटाळाचं कारण सांगायचे, आणि सांगणारे मालक एकटेच नव्हते, सोबतचे कामगार पण होते. तिथं पगार चांगला. १९२८ च्या संपात बाबासाहेब आंबेडकरांनी युनियनच्या पुढाऱ्यांना बजावलं की ही अडवणूक उठवायची मागणी घाला, नाहीतर आमची माणसं संपात धरू नका. बरोबरच होतं त्यांचं. ज्याला तुम्ही पंगतीला घेत नाही त्यानं तुमच्यासाठी उपाशी का राहावं? तुमच्या कंपनीत पहिला ठेकेदार आला त्या वर्षीच्या करारात कंत्राटी माणसांसाठी एक तरी कलम होतं का, ते जुनं कागद काढून बघा. बहुतेक ठिकाणी नसतं. कायम कामगारांना वाढ मिळाली, पेढे वाटले आणि ठेक्याकडं कानाडोळा केला. मी स्वतः अशा दोन करारांच्या वेळी टेबलावर बसलो होतो आणि गप्प राहिलो होतो, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तर त्यांना घ्या. कायद्याची आडकाठी नाही, युनियनच्या सभासदाला कोणी गाव-राज्य विचारत नाही, कंत्राटी कामगार पण सभासद होतो. फक्त पावतीबुक घेऊन जाऊ नका. रविवारी त्यांच्या खोलीवर जा, जी पहिली चार पोरं आली आणि ज्यांनी मागून गावातली बाकीची आणली त्यांच्यापाशी बसा, हिंदीत बोला, मोडकीतोडकी चालते. पगाराची स्लिप मिळते का विचारा. फंड कापतात पण यूएएन, म्हणजे फंडाच्या खात्याचा नंबर सांगितलाय का, तो १२ आकडी नंबर मोबाईलवर उघडून दाखवा, पैसे भरलेच नाहीत असं निघालं तर तिथंच अर्धं काम झालं समजा. ओव्हरटाईम सिंगल देतात की डबल? कायद्यानं डबल आहे. भट्टीवर भाजलं तर ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याच्या दवाखान्याचं, कार्ड आहे का? किमान वेतन मराठी माणसाला एक आणि बिहारीला एक असं नसतं आणि ठेकेदारानं पगार बुडवला तर कंपनी जबाबदार असते, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

परराज्यातल्या कामगारांसाठी १९७९ पासून वेगळा कायदा होता. आता तो २०२० च्या नव्या कामगार संहितांत गेलाय आणि त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यात. पूर्वी फक्त ठेकेदारानं आणलेला माणूस त्यात धरायचे, आता स्वतःहून आलेला पण धरतात आणि वर्षाला गावी जायच्या-यायच्या भाड्याची तरतूद आहे. पण पूर्वी पाच माणसांना लागू होता तो आता दहाला, म्हणजे लहान युनिटातली पोरं बाहेर राहिली. ही गोष्ट मला अजिबात आवडलेली नाही.

मागण्या लिहाल तेव्हा छठची, म्हणजे बिहारकडच्या मोठ्या सणाची, सुट्टी घाला. तुम्हाला गणपती जसा तसा त्यांना छठ, दरवर्षी तेव्हाच ठेकेदार अडवतो नाहीतर मागचा पगार दाबून ठेवतो. त्यांच्यातला एक जण कमिटीत घ्या, नुसता सतरंज्या उचलायला नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यांची खोली कोणाची आहे ते बघा, बहुतेक ठेकेदाराचीच असते. म्हणजे ज्या दिवशी काम बंद त्या रात्री सामान रस्त्यावर. गेटवर बसायच्या आधी त्या पोरांची आठ-पंधरा दिवस झोपायची आणि जेवायची सोय तुम्ही २२ घरांनी करून ठेवली तरच त्यांना बोलवा. नाहीतर नका बोलवू, ते पाप आहे. यातली काही पोरं दोन वर्षांनी गाव बदलतील, सभासद गळतील, परत नव्यानं खोलीवर जावं लागेल. हे काम असंच चालतं, आमच्या वडिलांच्या वेळी पण असंच चालायचं.

प्रश्न: आमचा तीन एकर ऊस आहे. ऊस तोडणारे टोळीवाले खुशाली, म्हणजे मजुरीवर वरचे पैसे मागतात, नाही दिली तर फड अर्धा सोडून जातात. आणि माझ्या मेहुण्यानं ट्रॅक्टरसाठी टोळी आणायला मुकादमाला ८ लाख उचल (आगाऊ रक्कम) दिली तर तो आलाच नाही. तरी ह्यांच्या संघटना वर दरवाढ मागतात, शेतकऱ्यानं सगळ्यांचं ऐकायचं का? (एक शेतकरी, वाळवा)

उत्तर: मेहुण्याचं नुकसान मोठं आहे आणि आपल्याकडं असे वाहनमालक भरपूर आहेत, त्याची दाद मागायलाच पाहिजे. पण पैसे मुकादमानं खाल्ले, टोळीनं नाही. टोळीतल्या एका कोयत्याचं म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचं गणित बघा. दिवाळीच्या आसपास बीडकडून निघायचं ते उचलीच्या कर्जात, पहाटे फडात, मोळ्या बांधून डोक्यावरनं गाडीत, रात्री पाचटाच्या कोपीत आणि सीझन संपताना न फिटलेली उचल परत पुढच्या वर्षासाठी अंगावर. जानेवारी २०२४ ला कारखान्यांबरोबर ठरलं तेव्हा तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला, ३४ टक्के वाढ. ती कोयते बंद ठेवायची तयारी दाखवली म्हणून मिळाली. दोन माणसं मिळून दिवसाला दीड-दोन टन तोडतात, आता तुम्हीच हिशोब करा, त्यात मुलं शाळेबाहेर आणि बाईला बाळंतपणात पण सुट्टी नाही. खुशाली चूकच आहे, मी तिचं समर्थन करत नाही. पण ती शेतकरी आणि टोळीत भांडण लावते आणि कारखाना नामानिराळा. तोडणीची जबाबदारी कारखान्याची, ते पैसे तुमच्या बिलातनं आधीच कापलेले असतात. तुमची शेतकऱ्यांची संघटना आणि त्यांची तोडणी कामगारांची संघटना कारखान्यासमोर एकदा तरी एकत्र बसली पाहिजे, उचल मुकादमाच्या हातात न जाता नोंद होऊन थेट कामगाराच्या खात्यात गेली तर तुमच्या मेहुण्याचे ८ लाख पण बुडत नाहीत आणि त्या बाईची मजुरी पण.

प्रश्न: मुलगा विट्याकडचाच, १९ वर्षांचा, गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) दुकानात केरळला गेलाय. खोकला झालाय म्हणतो पण मालक आपल्याच गावचा आहे, कसं बोलायचं? (एक आई, खानापूर तालुका)

उत्तर: ताई, खोकल्याचं आधी. सोनं-चांदी गाळताना तेजाब म्हणजे ॲसिड वापरतात, त्याचा पिवळा-तांबूस धूर छातीत जातो, तो साधा खोकला समजू नका. लहान गाळा, खिडकी बंद, धूर ओढून घेणारा पंखा नाही असं असेल तर पोराला आजच सांगा की तिथल्या सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढ आणि डॉक्टरला काम काय करतोस ते नीट सांग. ते सांगितलं नाही तर डॉक्टर सर्दीची गोळी देऊन पाठवतो. मालक गावचा आहे म्हणून बोलायला जड जातं हे खरं, त्याच गावकीच्या भरवशावर तर पोरगं एवढ्या लांब पाठवलं. पण गावचा असला तरी तो मालक आहे. तुम्ही एकट्या बोलू नका, त्याच दुकानात ज्यांची पोरं आहेत अशा दोन-तीन आया मिळून यात्रेला तो गावात येईल तेव्हा बोला, पंखा, तोंडाला चांगला मास्क आणि पगाराची नोंद एवढं मागा. तिथं मल्याळी कामगारांच्या युनियन जुन्या आणि जोरात आहेत आणि केरळ सरकार बाहेरून आलेल्या कामगारांना अतिथी कामगार म्हणतं, त्यांच्यासाठी आवाज नावाची विमा योजना आहे, मुलाला तिची चौकशी करायला लावा, आधार कार्ड बरोबर ठेवायला सांगा.