बारशाला हाताने शिवलेली गोधडी द्यायची आहे. कापड आणि नमुना कोणता निवडू?

बारसं थंडीत असलं तरी जाड गोधडीचा मोह टाळा. आत वापरून मऊ झालेली सुती साडी, वर मलमल, एवढं पुरे. अशी गोधडी लवकर वाळते, आणि लंगोटांच्या दिवसांत ते फार मोलाचं! नवं कापड आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि टाके ओढले जातात. गडद लाल-निळ्याचा रंग जातो का, तेही तेव्हाच कळतं. माप मीटरभर चौरस. नमुना मोठ्या चौकोनांचा, धावदोरा कडेकडेने आत येणारा आणि टाके बारीक. लांब टाक्यांत बाळाची बोटं अडकतात. टिकल्या, मणी, आरसे मुळीच नकोत. आजीच्या लुगड्याचा तुकडा मिळाला तर मधला चौकोन त्याचाच करा.