पावसाळ्यात ताप आला, सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीत, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ८५ टक्के. म्हणजे नेमकं काय?

बहुतेक वेळा जिवाणूंचा संसर्ग. जंतू शिरले की अस्थिमज्जा साठ्यातल्या न्यूट्रोफिल पेशी घाईने रक्तात सोडते, कधी अर्धवट वाढलेल्यासुद्धा. रिपोर्टवरच्या ‘बँड सेल्स’ त्या ह्याच. न्यूट्रोफिल रक्तवाहिनीच्या भिंतीतून वाट काढत बाहेर पडतात, जंतू गिळतात आणि काही तर स्वतःचाच डीएनए जाळ्यासारखा फेकून जंतूंना अडकवतात. हे २००४ मध्ये उघड झालं. जखमेतला पू म्हणजे बराचसा मेलेल्या न्यूट्रोफिलचाच खच. ही जाळी अति झाली तर रक्ताच्या गुठळ्याही होतात. कोविडच्या गंभीर रुग्णांत ते दिसलं.

पण मुंबईच्या पावसाळ्यात एवढ्यावरून निदान नको. लेप्टोत (लेप्टोस्पायरोसिस, तुंबलेल्या दूषित पाण्यातून होणारा जिवाणूंचा आजार) न्यूट्रोफिल बहुधा वाढतात, डेंग्यूत उलट घटतात. म्हणून एकूण पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही बघा. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी संसर्ग नसतानाही आकडा चढतो. गोळ्या चालू असतील किंवा तुंबलेल्या पाण्यातून चालला असाल तर डॉक्टरांना सांगा, लोक नेमकं हेच विसरतात. केमोथेरपी चालू असताना ताप आला तर मात्र रिपोर्टची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.