अमेरिकेत पोस्टडॉक करतोय, ग्रीन कार्डसाठी स्वतःच अप्लाय करता येतं का?

येतं की! ईबी-१ए (असामान्य क्षमता असलेल्यांचा वर्ग) आणि एनआयडब्ल्यू (नॅशनल इंटरेस्ट वेव्हर, म्हणजे काम अमेरिकेच्या हिताचं म्हणून नोकरीच्या ऑफरची अट माफ; हा ईबी-२ या ग्रीन कार्डच्या वर्गातच येतो) दोन्हीत आय-१४० हा ग्रीन कार्डच्या पहिल्या टप्प्याचा अर्ज स्वतःच भरता येतो, प्रोफेसरच्या मागे लागायला नको. ईबी-१बी (नामवंत संशोधकांचा वर्ग) मात्र युनिव्हर्सिटीनेच भरावा लागतो आणि त्याला परमनंट स्वरूपाची रिसर्च पोस्ट लागते, पोस्टडॉकचं काँट्रॅक्ट बहुतेक वर्षावर्षाचं, त्यामुळे तिथेच गाडी अडते.

आपली खरी गोची रांगेत आहे. दरवर्षीच्या ग्रीन कार्डांत एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची ईबी-२ ची रांग दहा वर्षांच्याही वर गेलीय, ईबी-१ ची त्यामानाने बरीच छोटी. तरी एनआयडब्ल्यू लवकर टाकून ठेवाच, कारण तो अप्रूव्ह झाला की त्याची प्रायॉरिटी डेट (रांगेतला नंबर ठरवणारी तारीख) पुढे ईबी-१ए ला वापरता येते.

अर्जासोबतची शिफारशीची लेटर्स नुसती गाईडची नकोत, तुम्हाला ओळखत नाहीत पण तुमच्या पेपरचा संदर्भ दिलाय अशांचीही घ्या, आणि त्यात ‘हुशार, मेहनती’ वगैरे नको, तुमची मेथड त्यांनी कशासाठी वापरली ते लिहून मागा.

आणि जे-१ (एक्सचेंज व्हिजिटर) व्हिसावर असाल तर दोन वर्षं मायदेशी राहायची अट लागू आहे का ते आधी बघा, असेल तर ती पूर्ण केल्याशिवाय किंवा वेव्हर (सूट) मिळाल्याशिवाय प्रत्यक्ष ग्रीन कार्ड मिळण्याचा शेवटचा टप्पा होत नाही.