इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंनाच इंग्रजी बोलायची भीती वाटते तेव्हा

"मॅडम, वाचलेलं सगळं कळतं. लिहायला दिलं तर लिहितेसुद्धा. पण चारचौघांत इंग्रजी बोलायची वेळ आली की तोंडातून शब्द फुटत नाही."

ही तक्रार घेऊन माझ्याकडे कॉलेजातली मुलं येतात, मुलाखतीचं पत्र हातात पडलेले इंजिनिअर येतात, मुलाच्या शाळेतली पालकसभा टाळणाऱ्या आयाही येतात. आज ज्यांच्याबद्दल लिहिते आहे, त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. लिहायला त्यांची परवानगी आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना आपण सुनंदाताई म्हणू.

त्या आल्या तेव्हा इंग्रजीचा विषयही निघाला नव्हता. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, पित्त उसळतं, अशा तक्रारी होत्या. डॉक्टरांनी ईसीजी काढून बघितला होता, तो व्यवस्थित होता, म्हणून त्यांनीच माझ्याकडे पाठवलं होतं. हा त्रास कधी वाढतो, हे विचारत गेले तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. महिन्याची केंद्रस्तरीय शिक्षण परिषद, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांची एकत्र बैठक, जवळ आली की धडधड सुरू होत होती. केंद्रप्रमुखांनी त्यांच्या नावावर इतर शिक्षकांसमोर घ्यायचा इंग्रजीचा आदर्श पाठ लावला होता, आणि दर वेळी ताई रजा टाकत होत्या.

मागची गोष्ट सांगायला हवी. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते 2000 साली. त्याआधी ते पाचवीपासून होतं. म्हणजे जे शिक्षक स्वतः पाचवीत एबीसीडी शिकले होते, त्यांच्यावर सहा वर्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवायची जबाबदारी आली. सुनंदाताई त्यांतल्याच. नोकरीच्या सुरुवातीला एका प्रशिक्षणात त्यांनी 'व्हेजिटेबल' हा शब्द अक्षरन् अक्षर सुटं करून उच्चारला आणि मागच्या रांगेत हशा पिकला. तेव्हापासून प्रशिक्षणात त्या कायम शेवटच्या बाकावर. वर्गातही हळूहळू इंग्रजीचा तास मराठीतच होऊ लागला. कविता मोबाईलवर लावायची, धड्याचा अर्थ मराठीत सांगायचा, प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून द्यायची. गावात इंग्रजी माध्यमाच्या शाळेची पिवळी बस यायला लागली, पटावरची पोरं कमी झाली. ताईंच्या मनानं निकाल लावून टाकला: "पोरं जातात ती माझ्यामुळे."

अशा वेळी सगळे एकच सल्ला देतात, "आधी ग्रामर पक्कं करा, मग बोला." ताईंचा तोही पाळून झाला होता. दोन क्लास लावले होते, वह्या भरल्या होत्या. बोलणं मात्र जागचं हललं नव्हतं.

परकीय भाषा शिकताना वाटणाऱ्या या भीतीवर संशोधक गेली चार दशकं काम करत आहेत. 1986 साली अमेरिकेत इलेन हॉर्विट्झ, मायकेल हॉर्विट्झ आणि जोॲन कोप यांनी मांडलं की ही भीती एकूण स्वभावातल्या भित्रेपणाहून वेगळी असते. एरवी सभा गाजवणारा माणूसही परक्या भाषेच्या वर्गात गप्प होतो, कारण आपल्या बुद्धीला, विनोदाला, अनुभवाला साजेसं बोलायला तिथे त्याच्याकडे शब्दच नसतात. आपण आहोत त्यापेक्षा लहान दिसतो आहोत, असं त्याला वाटत राहतं. या तिघांनी 33 विधानांची एक प्रश्नावली तयार केली. बोलताना स्वतःबद्दल खात्री वाटत नाही, बाकीचे आपल्यापेक्षा चांगलं बोलतात, आपण बोललो तर लोक हसतील, अशा आशयाची ती विधानं आहेत. जगभर ती आजही वापरतात. मी ती निदानासाठी वापरत नाही, बोलणं सुरू व्हावं म्हणून वापरते. ताईंनी विधानं वाचली आणि म्हणाल्या, "हे माझ्यासारख्या कुणीतरी लिहिलंय का?" पुढे 1996 मध्ये याच हॉर्विट्झ यांनी ही भीती भाषा शिकवणाऱ्या शिक्षकांनाही असते, आणि असा शिक्षक वर्गात ती भाषा वापरायचंच टाळू लागतो, असं मांडलं, हे मी त्यांना सांगितलं. त्या बराच वेळ रडल्या. आपल्यासारखे इतरही आहेत हे कळणं ही उपचारातली छोटी गोष्ट नसते.

पण सहानुभूतीच्या भरात एक तपासणी राहू द्यायची नाही, असा माझा कटाक्ष असतो. रिचर्ड स्पार्क्स आणि लिओनोर गॅन्शो या संशोधकांचा या सगळ्यावर आक्षेप आहे. त्यांचं म्हणणं असं, की कित्येकदा भाषेचं कौशल्यच कच्चं असतं आणि भीती त्यातून येते. यावर 1990 च्या दशकात बराच वाद झाला. मला त्यात तथ्य वाटतं. ज्याला खरोखर वाचता येत नाही, त्याला "घाबरू नका" एवढंच सांगणं म्हणजे त्याची फसवणूक आहे. म्हणून ताईंना मी सातवीच्या पातळीची एक अनोळखी गोष्ट वाचायला दिली आणि चार ओळींत सारांश लिहायला सांगितलं. त्यांनी तो लिहिला. एका ठिकाणी काळ चुकला होता, बाकी अर्थ चोख. म्हणजे अडचण शिदोरीत नव्हती. शिदोरी चारचौघांत सोडताना हात थरथरत होते.

मग मोबाईलवर दोन मिनिटं शाळेबद्दल इंग्रजीत बोलून ध्वनिमुद्रण करून आणायला सांगितलं. खोलीत एकटं बसून, कुणी ऐकणार नाही अशा वेळी. ऐकवण्याआधी त्यांनी स्वतःला दहापैकी दोन गुण दिले. मग आम्ही ते मिळून ऐकलं आणि मी एकच प्रश्न विचारत गेले: "इथे ऐकणाऱ्याला कळलं नसतं असं काही आहे का?" एकच जागा सापडली. ताईंना स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना.

यामागेही अभ्यास आहे. पीटर मॅकिन्टायर आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये दाखवलं की भाषेची धास्ती असलेले विद्यार्थी स्वतःची कुवत प्रत्यक्षाहून कमी धरतात आणि निर्धास्त विद्यार्थी जास्त. चिलीमध्ये टॅमी ग्रेगर्सन आणि हॉर्विट्झ यांनी इंग्रजी शिकणाऱ्यांना त्यांच्याच बोलण्याची चित्रफीत दाखवून प्रतिक्रिया घेतल्या, तो अभ्यास 2002 मधला. घाबरणाऱ्यांनी स्वतःसाठी मोजमाप फार वरचं लावलं होतं, चुकांचीच उजळणी केली आणि लोक काय म्हणतील याची काळजी केली. न घाबरणारेही चुकले होते, पण त्यांनी त्या चुका मनाला लावून घेतल्या नव्हत्या.

ताईंचं वरचं मोजमाप म्हणजे टीव्हीवरची इंग्रजी निवेदिका. तिच्यासारखं जमलं तरच तोंड उघडायचं. मी त्यांना कॅनडातल्या मरे मन्रो आणि ट्रेसी डरविंग यांचा 1995 चा अभ्यास सांगितला. चिनी मातृभाषा असलेल्यांचं इंग्रजी त्यांनी इंग्रजीभाषकांना ऐकवलं. बोलण्याची ढब कितीही परकी वाटली, तरी पुष्कळ वेळा ऐकणाऱ्यांना वाक्य पूर्ण कळलं होतं. हेल वेगळा असणं आणि न कळणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्या मराठी हेलाला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात, त्यामुळे हा अभ्यास मी आवर्जून सांगते. ताईंनी स्वतःसाठी नवं मोजमाप वहीत लिहिलं: "तिसरीतल्या मुलाला कळलं पाहिजे."

भीती असताना बोलणं का अडखळतं, हेही त्यांनी विचारलं. भाकरी थापत असताना कुणी शेजारी बसून सारखं "गोल होतेय ना? फाटली नाही ना?" विचारत राहिलं तर हात अडखळणारच. बोलतानाही तसंच होतं. लक्ष मोजकं असतं, त्यातलं अर्धं स्वतःवर पहारा ठेवण्यात गेलं की शब्द शोधायला उरत नाही.

पुढच्या कामात आम्ही पायऱ्या केल्या. सगळ्यात कमी भीतीची पायरी पहिली: एकटीनं मोबाईलसमोर बोलणं. मग पहिलीच्या मुलांसमोर, मग सोबतच्या गुरुजींसमोर, आणि सगळ्यात वर शिक्षण परिषद. एका पायरीवरची धडधड ओसरेपर्यंत तिथेच थांबायचं, पळून खाली यायचं नाही. टाळलं की त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं, पण पुढच्या वेळी भीती वाढूनच येते. रजेच्या अर्जांनी त्यांचं हेच केलं होतं.

बोलण्याच्या सरावासाठी 4/3/2 ही पद्धत घेतली. 1980 च्या दशकात कीथ मॉरिस यांनी ती मांडली, पॉल नेशन यांनी पुढे तिचा अभ्यास केला. तीच गोष्ट तीन वेगवेगळ्या माणसांना सांगायची, आधी चार मिनिटांत, मग तीन, मग दोन. विषय तोच असल्यानं काय सांगायचं याचा विचार संपलेला असतो आणि जीभ मोकळी होते. 2011 मध्ये नेल डी यॉंग आणि चार्ल्स पर्फेटी यांना असं आढळलं की विषय तोच ठेवून सराव केलेल्यांचा ओघ नंतर नव्या विषयावरही टिकला. ताईंनी शाळेच्या सहलीची गोष्ट निवडली. ऐकणारे म्हणजे यजमान, गुरुजी आणि फोनवर पुण्याची भाची. घरात कॉलेजात जाणारी लेक आहे. ती प्रेमानंच, पण दर तिसऱ्या शब्दाला "आई, असं नसतं" म्हणायची. तिला मी बोलावून घेतलं आणि विनंती केली की आई गोष्ट संपवेपर्यंत अडवायचं नाही, नंतर एकच चूक सांगायची, तीही आईनं विचारली तर. पोरगी समंजस निघाली.

वर्गात मात्र आणखी काहीतरी हवं होतं. इथे मला एन. एस. प्रभू यांच्या बंगळूर प्रकल्पाची आठवण झाली. 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांमध्ये तो चालला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना रेल्वेचं वेळापत्रक, नकाशे अशा गोष्टी द्यायच्या आणि त्यातून उत्तर शोधायला लावायचं. मोडक्या इंग्रजीत सांगितलं तरी उत्तर बरोबर आलं की बरोबर. ताईंनी रेल्वेऐवजी गावच्या एसटीचं वेळापत्रक फळ्यावर लिहिलं. तालुक्याला सकाळची पहिली गाडी कधी, बाजाराच्या दिवशी परत यायला कोणती, असे प्रश्न इंग्रजीत. अशा तासाला बाईंना लागणारी वाक्यं ठरावीक असतात. ती त्यांनी आदल्या रात्री मोठ्यानं म्हणून ठेवली. अडलं तर मराठी शब्द वापरायचा, हे आम्ही आधीच मान्य केलं होतं. मुलं गाडीच्या वेळेवरून भांडायला लागली, आणि बाईंच्या उच्चाराकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

पोरं गळण्याबद्दलही बोललो. पालक माध्यम बदलतात त्यामागे प्रतिष्ठा, शेजाऱ्यांचं बघून घेतलेला निर्णय, बसची सोय अशी कितीतरी कारणं असतात. एका बाईच्या उच्चारावर ते सगळं लादणं अन्यायाचं आहे, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

एसटीचाच पाठ त्यांनी पुढे शिक्षण परिषदेत घेतला. हात गार पडले होते, सुरुवातीची वाक्यं कागदात बघून म्हटली. पाठ पूर्ण झाला. दोन शिक्षिकांनी वेळापत्रकाचा फोटो मागून घेतला.

अजून एक पायरी बाकी आहे. तयारी नसताना कुणी अधिकाऱ्यांनी अचानक इंग्रजीत प्रश्न टाकला तर ताई आजही गडबडतात. त्यासाठी वेळ मागून घ्यायची दोन-तीन छोटी वाक्यं आम्ही पाठ केली आहेत, आणि दर भेटीत मी मध्येच एखादा प्रश्न इंग्रजीत विचारते. मागच्या भेटीत विचारलं, शाळेत पोषण आहाराला आज काय होतं? क्षणभर थांबून त्यांनी उत्तर दिलं, आणि त्यात भाज्यांचाही उल्लेख केला.