फ्लॅटमध्ये पहिल्यांदाच कुत्रा घेतोय. पिल्लाची तब्येत आणि स्वभाव कसा ओळखायचा?

तुम्ही लिहिलंय की नागपुरात दुसऱ्या मजल्यावर टू-बीएचके, तुम्ही दोघं नोकरीला, घरी सासूबाई आणि ६ वर्षांची मुलगी. मुलीला पग हवाय, मिस्टरांना हस्की, आणि तुम्हाला ‘शांत, सारखा आजारी न पडणारा’ कुत्रा. माझ्याकडे रेस्क्यू केलेली कुत्री घर मिळेपर्यंत फॉस्टरला असतात, त्यामुळे हा प्रश्न मला नेहमीचाच. सरळ सांगते. हस्की नको, पगचा दहादा विचार करा, आणि जमलं तर पिल्लूच घेऊ नका. दीड-दोन वर्षांचा कुत्रा बघा. पिल्लाची तब्येत आणि स्वभाव, दोन्ही आपण अंदाजाने घेतो. मोठ्या कुत्र्याचं बरंचसं समोर दिसतं.

हस्कीचं लवकर आटोपते. सायबेरियातल्या चुक्ची लोकांनी बर्फावर गाड्या ओढायला तयार केलेली ही जात, अंगावर केसांचे दोन थर. तुमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ला टेकतो. एसीत ठेवू म्हणाल, पण मग त्याला पळवणार कधी? कोंडून ठेवलेला हस्की सोफा फाडतो आणि हेल काढून रडत अख्खी सोसायटी जागी ठेवतो. त्यात त्याच्या स्वभावाचा काही दोष नाही.

पगला लोक अजून ‘हचवाला कुत्रा’ म्हणतात. २००३च्या त्या जाहिरातीनंतर तो घरोघरी आला. स्वभावाने गोडच, मुलांशी छान जमतं. अडचण नाकात आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर काढतो. पगचं तोंड पिढ्यानपिढ्या निवडून चपटं केलं, पण आतला मऊ टाळू त्या मानाने आखूड झाला नाही. तो घशात लोंबतो आणि हवेची वाट अडवतो. लोक ज्याचे ‘कसा घोरतोय बघ’ म्हणून व्हिडिओ काढतात तो हाच त्रास. उन्हाळ्यात दुपारी जिना चढूनसुद्धा अशा कुत्र्याला उष्माघात होऊ शकतो.

आता लॅब. ‘फॅमिली डॉग पाहिजे ना, मग लॅब घ्या’ असं तुम्हाला चार जणांनी सांगितलंच असेल. स्वभावाच्या बाबतीत ते बव्हंशी खरं आहे. पण २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्राडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो, त्यामुळे त्याचा डोळा कायम खाण्यावर. घरात सासूबाई आहेत, म्हणजे पोळीचा तुकडा पडणारच. वजन वाढलं की खुब्याचं दुखणं, म्हणजे हिप डिस्प्लेशिया, आणखी बळावतं. हे दुखणं बरंचसं आनुवंशिक आहे, म्हणून आई-वडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे मागा. बहुतेक विक्रेते तुमच्याकडे वेड्यासारखे बघतील, तरी मागा. आणि ‘डबल बोन’ हा शब्द ऐकलात की सावध व्हा. डबल बोन असं काही नसतं. जाडजूड, वजनदार पिल्लू जास्त पैशाला विकायचं हे बाजारातलं नाव आहे, आणि ते जास्तीचं वजन पुढे तुमच्या गुळगुळीत टाइल्सवर त्याच्याच सांध्यांवर येतं.

तरीही पिल्लूच घ्यायचं ठरलं, तर पिल्लाआधी त्याची आई बघा. स्वभावाचा तितका भरवशाचा पुरावा दुसरा नाही. पिल्लांजवळ बसलेली आई अनोळखी माणसावर थोडी गुरगुरली तर तिला माफ आहे. मालकाला तिला बाहेर अंगणात आणायला सांगा आणि तिथे बघा. अंग सैल सोडून, शेपूट हलवत येऊन हुंगतेय, की पोटात शेपूट घालून कोपरा गाठतेय? भित्र्या आईची पिल्लं भित्री निघायची शक्यता जास्त, आणि घरातल्या मुलांना चावतो तो बहुतेक वेळा घाबरलेलाच कुत्रा. ‘आई फार्मवर आहे’ असं उत्तर आलं तर चहासुद्धा न घेता निघा.

वयाचंही बघा. आपल्याकडे ‘४५ दिवसांचं पिल्लू’ सर्रास विकतात. २०१७च्या केंद्राच्या नियमांनुसार ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, आणि ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. हे नुसतं कागदी नाही. या शेवटच्या आठवड्यांत पिल्लू भावंडांशी खेळताना किती जोरात चावलं की समोरचा केकाटतो ते शिकतं. हे न शिकलेलं पिल्लू तुमच्या मुलीच्या हातावर शिकेल.

पिल्लांमध्ये बसल्यावर आपला हात कोपऱ्यातल्या ‘बिचाऱ्या’कडे जातो किंवा अंगावर झेपावणाऱ्याकडे. पहिल्यांदा पाळणाऱ्याने मधलं घ्यावं. थोड्या अंतरावर स्टीलचा चमचा पाडा. दचकणार सगळीच, दचकल्यावर काही क्षणांत कोण चमच्याकडे परत येतं ते बघा. पण यावर फार विसंबू नका. नुकतंच दूध पिऊन पेंगुळलेलं पिल्लू सगळ्यांनाच शांत वाटतं. दोन वेगळ्या वेळी जाऊन या. गावाकडे नखं मोजतात, वीस नखांचा कुत्रा तेज म्हणे. कुत्र्याला साधारण अठरा असतात, काहींना मागच्या पायांना एकेक जास्तीचं येतं. स्वभावाशी त्याचा काही संबंध नाही.

तब्येतीसाठी हिरडी दाबा. बोट काढल्यावर पांढरा पडलेला भाग दोनेक सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. हिरड्या मुळातच फिक्या असतील तर जंत, गोचीड, काहीही असू शकतं. बाकी अंग हडकुळं आणि पोट तेवढं नगाऱ्यासारखं, हेही जंतांचंच लक्षण. कानात आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा, कानाचा वास घ्या, शेपटीखाली जुलाबाचे डाग आहेत का बघा. लसीचं पुस्तक मागा. ‘सेव्हन इन वन (अनेक आजारांवरची एकत्र लस) झालंय’ असं पेनने लिहिलेलं चालणार नाही, कुपीवरचं स्टिकर आणि डॉक्टरांचा सही-शिक्का पाहिजे. पार्व्हो या आतड्यांच्या विषाणूची लागण झालेलं पिल्लू पहिले काही दिवस धडधाकट बागडतं, मग एकदम खाणं सोडतं आणि रक्ताचे जुलाब सुरू होतात. तेव्हा पिल्लू घरी येण्याआधीच डॉक्टर ठरवून ठेवा.

आता मोठा कुत्रा का म्हणते ते. सध्या माझ्याकडे दोनेक वर्षांची काळी देशी कुत्री आहे. कुकरच्या पहिल्या शिट्टीला ती टेबलाखाली जाते, तिसरीला बाहेर येऊन ओट्याखाली बसते. लहान मुलांनी शेपूट धरली तर उठून दुसरीकडे जाते, गुरगुरत नाही. दुसरा कुत्रा ताटलीजवळ आला की मात्र दात दाखवते. तिला घरी नेणाऱ्याला मी हे सगळं सांगू शकते. दोन महिन्यांच्या पिल्लाबद्दल असं कुणीच सांगू शकत नाही. शिवाय आखूड केस, सडपातळ अंग, लांब नाक, त्यामुळे देशी कुत्र्याला विदर्भाचा उन्हाळा त्यातल्या त्यात सोसतो. देशी म्हणजे आजारी पडतच नाही, हे मात्र खोटं. टिक फीवर, म्हणजे गोचिडांमुळे येणारा ताप, त्यांनाही होतो, आणि लसी चुकवून चालत नाही. दारावरच्या प्रत्येक डिलिव्हरीवाल्यावर भुंकतात, हेही आधीच सांगून ठेवते.

फॉस्टर करणाऱ्याला नेमकं विचारा. घरात एकटा किती तास राहतो? खाताना ताटलीला हात लावू देतो का? जिन्यावर आणि पट्ट्यावर ओढतो का? शेवटचं सासूबाईंसाठी. सकाळी खाली कोण नेणार हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते काम त्यांच्याकडे येणार असेल तर २५-३० किलोचा कुत्रा, कितीही गरीब असला तरी, बघायलाही जाऊ नका.

आणि मुलीचा हट्ट मोडवत नसेल तर पग घ्या, पण नाकपुड्या बघून. गोल, उघड्या हव्यात, फटीसारख्या चिकटलेल्या नकोत. दोन मिनिटं खेळवा, मग टीव्ही बंद करून कान द्या. खोलीच्या दुसऱ्या टोकाला श्वासाची घरघर ऐकू आली तर ते पिल्लू घेऊ नका.