रस्ता रुंद, तरी गाडी का अडते?

प्रश्न : सोलापुरातला सात रस्ता ते सैफुल हा विजापूर रस्ता तसा रुंद आहे, तरी संध्याकाळी गाडी रखडते. रस्ता वाहनचालकाला किती सोयीचा आहे, हे आकड्यांत कसं ठरवायचं?

उत्तर : वेळ मोजून. दोन चौकांमधला टप्पा निवडा आणि अंतर गाडीच्या मीटरवर घ्या. संध्याकाळच्या गर्दीत दोन्ही दिशांना किमान सहा-सहा फेऱ्या मारा. जितक्या गाड्या तुम्हाला मागे टाकतील तितक्याच तुम्ही मागे टाका, म्हणजे प्रवाहाचा वेग मिळतो. फेऱ्या कारनेच करा. दुचाकी सिग्नलला फटीतून पुढे सरकते आणि वेळ उगाच चांगली दिसते. संक्रांतीच्या गड्डा यात्रेचे दिवस टाळा. पहाटे रस्ता मोकळा असताना एक फेरी वेगळी घ्या.

समजा, २.४ किमीला पहाटे ४ मिनिटं लागली, म्हणजे ताशी ३६ किमी. संध्याकाळची सरासरी ९ मिनिटं ३६ सेकंद, म्हणजे ताशी १५. मोकळ्या वेगाच्या ४२ टक्के. रस्त्यांची क्षमता मोजायच्या अमेरिकी हायवे कपॅसिटी मॅन्युअलच्या २०१० च्या आवृत्तीत या टक्क्यांवरून रस्त्याला श्रेणी दिली आहे : ८५ टक्क्यांच्या वर ‘ए’, ४० ते ५० ‘डी’, ३० किंवा खाली ‘एफ’. तुमचा रस्ता ‘डी’. इथे हमखास होणारी चूक म्हणजे प्रत्येक फेरीचा वेग काढून त्यांची सरासरी घेणं. त्याने रस्ता आहे त्यापेक्षा बरा दिसतो. एकूण अंतराला एकूण वेळेने भागा. सर्वांत वाईट फेरीही लिहून ठेवा. रोज ९ मिनिटं लागली तर माणूस जुळवून घेतो, कधी ७ तर कधी १४ लागली की वैतागतो.

आता रुंदीचं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शहरी रस्त्यांच्या क्षमतेबद्दलच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत, आयआरसी १०६ मध्ये, वाहनं कारच्या हिशेबात, म्हणजे पीसीयूत मोजतात. कार म्हणजे १. दुचाकी, रिक्षा प्रत्येकी एकूण वाहतुकीच्या १० टक्के किंवा जास्त असतील तर दुचाकी ०.७५, रिक्षा २. दोन पदरी, दुहेरी वाहतुकीच्या मुख्य रस्त्याची क्षमता तासाला १५०० पीसीयू धरतात, पण कडेला वाहनं उभी नाहीत, दुकानांची थेट ये-जा नाही, आडवी वाहतूक नगण्य, या अटीवर. तेवढ्याच रुंदीवर हे सगळं असेल तर आकडा ९००. चाळीस टक्के रस्ता कडेच्या पार्किंगने आणि आडव्या वाहतुकीने खाल्ला!

म्हणून फेरीत गाडी जिथे जिथे थांबते, त्याचं कारण सेकंदांसह तक्त्यात लिहा : सिग्नल, गतिरोधक, प्रवासी घेणारी रिक्षा, दुहेरी पार्किंग. महापालिकेला किंवा वाहतूक शाखेला अर्ज देताना ‘कोंडी होते’ एवढं लिहून भागत नाही. हा तक्ता जोडा.